मी पोचले तेव्हा तो निघून गेला होता

ती लाल साडी नेसली होती. तो खुर्चीतच झोपला होता. काल मी मंडईत गेले होते.

फ्रेंचच्या प्रत्येक नव्या तुकडीला मी ही तीन वाक्यं फळ्यावर लिहून देते. प्ल्यूस्कपार्फे नावाचा काळ, म्हणजे फ्रेंचमधला पूर्ण भूतकाळ, नुकताच शिकवून झालेला असतो, वह्यांमध्ये तक्ते उतरवलेले असतात. तिन्ही वाक्यांच्या शेवटी 'होती-होता-होते' बघून मुलं खुशीत येतात आणि धडाधड तिन्ही वाक्यं त्या नव्या काळात टाकतात. रूपं बिनचूक असतात, सहायक क्रियापद बरोबर असतं, स्त्रीलिंगी प्रत्ययसुद्धा कुणी विसरत नाही. आणि तरी तिन्हींपैकी एकही वाक्य फ्रेंच माणूस सहसा तसं बोलणार नाही. साडीसाठी तो म्हणेल 'एल पोर्ते अँ सारी रूज', म्हणजे चालू असलेल्या भूतकाळात, अँपार्फेमध्ये. खुर्चीतल्या माणसासाठी नुसतं 'इल दॉर्मे', तेही अँपार्फे. आणि मंडईसाठी 'इयेर, ज स्वी आले ओ मार्शे', साधा पासे कोंपोझे, म्हणजे रोजच्या बोलण्यातला साधा भूतकाळ. (उच्चार देवनागरीत लिहिताना थोडं इकडचं तिकडे होणारच, तेवढं सांभाळून घ्या.)

इथून खरा प्ल्यूस्कपार्फे सुरू होतो, असं मला आता ठामपणे वाटतं. तक्ता पाठ झाला की हा काळ आला, असं पुस्तकं सुचवतात. मराठी माणसाच्या बाबतीत ते खरं नाही. आपल्याकडे 'होता' इतका हाताशी आहे आणि इतकी वेगवेगळी कामं करतो, की तो नेमकं काय करतो हे आपण कधी थांबून बघितलेलंच नसतं. फ्रेंच शिकताना ते पहिल्यांदा बघावं लागतं.

रूप सांगायला दोन वाक्यं पुरतात. 'आव्ह्वार' (जवळ असणं) किंवा 'एत्र' (असणं) यांपैकी एका क्रियापदाचं अँपार्फेचं रूप घ्यायचं आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचं भूतकाळवाचक धातुसाधित ठेवायचं. 'जाव्हे माँजे', मी खाल्लं होतं. 'जेते आले', मी गेले होते. आपण 'होतं' शेवटी म्हणतो, ते आधी म्हणतात, एवढाच क्रमाचा फरक. नकार त्या पहिल्या शब्दाभोवती बसतो आणि 'आधीच' या अर्थाचं 'देजा' दोन्ही शब्दांच्या मध्ये येतं: 'जाव्हे देजा माँजे'. एकवचनातले तिन्ही पुरुष आणि 'ते लोक' हे अनेकवचन, सगळ्यांचा उच्चार 'आव्हे'. लिहिताना शेपटं वेगळी, कानाला सगळी सारखी. त्यामुळे बोलायला हा काळ फार लवकर जमतो. ऐकायला मात्र कान तयार करावा लागतो, कारण 'जे माँजे' आणि 'जाव्हे माँजे' यांत फरक एका 'व्हे'चा, आणि भरभर बोलण्यात तो निसटून जातो.

अर्थाकडे वळू. माझ्या मते या काळाचं सगळं मर्म एकाच प्रसंगाच्या तीन वाक्यांत आहे. मी कुणाला तरी भेटायला गेले आहे.

'काँ ज स्वी आरीव्हे, इल पार्ते.' मी पोचले तेव्हा तो निघत होता. पायात चपला सरकवत होता, दोन शब्द बोलता आले.

'काँ ज स्वी आरीव्हे, इल ए पार्ती.' मी पोचले आणि तो निघाला. कदाचित मी आले म्हणूनच निघाला. या वाक्यात अपमानाची शक्यता आहे.

'काँ ज स्वी आरीव्हे, इल एते पार्ती.' मी पोचले तेव्हा तो निघून गेला होता. भेट झालीच नाही.

तिन्ही वाक्यांत माझं पोचणं तसंच आहे. बदललं ते फक्त त्याच्या जाण्याचं रूप, आणि तेवढ्याने एकदा निरोप घडला, एकदा अपमान, एकदा चुकामूक. वर्गात मी हे फळ्यावर लिहिते तेव्हा शेवटच्या वाक्याशी बराच वेळ थांबते. त्याचं निघणं मी पाहिलेलं नाही. मी दारात उभी आहे, रिकामी खोली बघते आहे, आणि त्यावरून मागे काय झालं असेल ते ताडते आहे. प्ल्यूस्कपार्फेला अशी एक उभं राहायची जागा लागते. भूतकाळातला एक क्षण, ज्यात पाय रोवून आणखी मागे बघायचं. हान्स रायखेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने 1947 साली क्रियापदांच्या काळांची मांडणी तीन बिंदूंनी केली: घटना घडली तो क्षण, आपण बोलतो तो क्षण, आणि या दोहोंखेरीज जिथून घटनेकडे पाहिलं तो तिसरा क्षण. साध्या भूतकाळात हा तिसरा बिंदू घटनेवरच बसलेला असतो, म्हणून तो वेगळा जाणवत नाही. प्ल्यूस्कपार्फेमध्ये तिन्ही बिंदू सुटे असतात: आधी घटना, मग पाहण्याची जागा, मग आपलं बोलणं. तर्कशास्त्रातली ही मांडणी मी वर्गात फळ्यावर तीन ठिपके काढून दाखवते. नियमांच्या यादीपेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

यातून एक गोष्ट निघते, जी मराठी विद्यार्थ्याला पटायला वेळ लागतो. हा काळ अंतर मोजत नाही. 'फार पूर्वी घडलेलं' असा त्याचा अर्थच नाही. पन्नास वर्षांपूर्वीचं लग्न साध्या पासे कोंपोझेमध्ये सांगता येतं आणि दहा सेकंदांपूर्वी लावलेलं दार प्ल्यूस्कपार्फेमध्ये. फोन वाजला तेव्हा तिने दार लावलं होतं, एवढंच पुरे. घटना किती जुनी आहे याला महत्त्व नाही. पाय कुठे रोवले आहेत याला आहे.

आता मराठीचा 'होता'. हा विषय मला फार आवडतो. 'काल मी मंडईत गेले होते' या वाक्यात दुसरी कुठलीच घटना नाही. मग 'गेले' म्हणून भागत असताना 'गेले होते' का? कारण मी परत आले आहे. ते जाणं संपलं, त्याचा हिशेब मिटला. 'तो आला होता' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं की तो आता इथे नाही. 'तो आलाय' म्हटलं की आतल्या खोलीत बसलाय. उलटून गेलेल्या, मिटलेल्या गोष्टीसाठी आपण 'होता' वापरतो आणि त्यासाठी भूतकाळात दुसरा क्षण शोधायची गरज आपल्याला भासत नाही. 'तू गोव्याला कधी गेली होतीस का?' यातही तेच. फ्रेंचमध्ये या दोन्ही जागी पासे कोंपोझे येतो. 'इयेर, जेते आले ओ मार्शे' असं म्हणून तुम्ही थांबलात, तर समोरचा फ्रेंच माणूस तुमच्याकडे बघत राहतो. त्याच्या दृष्टीने वाक्य अर्धंच झालंय. मंडईत गेली होतीस, बरं, मग? तिथे कोण भेटलं? मागे घरी काय झालं? तुम्ही त्याला मागचं दाखवलं आणि कुठून बघायचं ते सांगितलंच नाही.

दुसरं काम याहून सूक्ष्म आहे. 'तो झोपला होता', 'ती खिडकीशी बसली होती', 'मला भूक लागली होती', 'मी दमले होते'. या वाक्यांत क्रिया पूर्ण झाली आहे हे खरं, पण आपल्याला सांगायची असते ती त्यानंतरची स्थिती. बसण्याची क्रिया क्षणात झाली, बसलेलं असणं चालू होतं. मराठी ही चालू स्थिती पूर्ण झालेल्या क्रियेच्या रूपानेच सांगते. फ्रेंचमध्ये ही स्थिती अँपार्फेची मालमत्ता: 'इल दॉर्मे', 'एल एते आसीझ', 'जाव्हे फँ', 'जेते फातिगे'. इथे प्ल्यूस्कपार्फे वापरला तर चित्रच बदलतं. 'एल सेते आसीझ' म्हटलं की ती बसलेली दिसत नाही, तिने बसण्याची कृती आधी केली होती एवढंच कळतं. त्यानंतर ती उठलीही असेल. कथा वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खिडकीशी बसलेली बाई यायला हवी असेल तर हा फरक चालणार नाही.

आणि तिसरं काम, जे फ्रेंचच्या प्ल्यूस्कपार्फेशी तंतोतंत जुळतं: 'आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.' म्हणजे आपल्या एका 'होता'ची फ्रेंचमध्ये तीन घरं आहेत आणि प्ल्यूस्कपार्फे त्यांतलं फक्त एक. मराठी वाक्य समोर आलं की स्वतःला विचारायचं: गोष्ट मिटली आहे एवढंच सांगायचंय? तेव्हाची स्थिती दाखवायची आहे? की भूतकाळातल्या एका जागेवरून आणखी मागे बघायचंय? हे तीन प्रश्न मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडले नाहीत, कारण ती पुस्तकं मराठी माणसासाठी लिहिलेलीच नसतात. पॅरिसमध्ये छापलेलं पुस्तक जपानी, ब्राझिलियन आणि पुणेकर विद्यार्थ्याला एकच तक्ता देतं.

उलट बाजूनेही गंमत आहे. जिथे फ्रेंच माणूस प्ल्यूस्कपार्फे वापरतो तिथे मराठीला अनेकदा त्याची गरजच पडत नाही, कारण आपल्याकडे '-ऊन', '-ल्यावर' आणि '-लेला' आहेत. 'चहा पिऊन निघाले', 'जेवल्यावर बोलू', 'काल आलेला माणूस'. आधी-नंतरचा सगळा क्रम या लहान प्रत्ययांनी लावून टाकलेला असतो. '-लेला' तर विशेषच. 'तिने विकलेलं घर मी पाहिलं' या वाक्यात विकणं आधी, पाहणं नंतर, आणि कुठेही 'होतं' नाही. फ्रेंचमध्ये हे उलगडून 'जे तिने विकलं होतं ते घर' असं म्हणावं लागतं, म्हणजे संबंधी सर्वनाम आणि मागोमाग प्ल्यूस्कपार्फे. मराठीत विचार करून फ्रेंच लिहिणाऱ्याच्या हातून हा काळ एकीकडे नको तिथे पडतो आणि दुसरीकडे हवा तिथे सुटतो. दोन्हींचं मूळ एकच, आपल्या भाषेची श्रीमंती. तिचा मला अभिमान आहे आणि वह्या तपासताना तिचा त्रासही होतो.

वह्यांवरून परीक्षेचं आठवलं. पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकणारे पूर्वी बहुतेक अकरावी-बारावीचे असत. आता त्यांच्या जोडीला तिशीतले इंजिनिअर आणि परिचारिका येतात, कारण कॅनडाने 2023 पासून एक्स्प्रेस एंट्री या स्थलांतराच्या योजनेत फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळी निवड सुरू केली. त्यासाठी चालणाऱ्या तेफ कॅनडा या परीक्षेत लेखनाचा पहिला प्रश्न असा असतो: एका छोट्या बातमीची सुरुवात दिलेली असते, पुढचा मजकूर निदान 80 शब्दांत आपण लिहायचा. फ्रेंच वर्तमानपत्रांत अशा किरकोळ पण चमत्कारिक बातम्यांना 'फे दिव्हेर' म्हणतात. चोऱ्या, अपघात, हरवलेली माणसं, सापडलेले प्राणी. आणि फे दिव्हेर म्हणजे प्ल्यूस्कपार्फेचं माहेरघर.

मी वर्गासाठी एक बातमी रचते. शनिवारी सकाळी एका घरात एक चोर सोफ्यावर घोरताना सापडला. बातमी इथे, शेवटापासून, सुरू होते. त्याला पाहून शेजाऱ्याने पोलिसांना बोलावलं, ही पासे कोंपोझेची वाक्यं. मग लेखक मागे वळतो. घरमालक सुट्टीवर गेले होते, 'ले प्रोप्रिएतेर एते पार्ती आँ व्हाकाँस'. चोर खिडकीतून शिरला होता, 'इल एते आँत्रे पार ला फनेत्र'. त्याने फ्रिज रिकामा केला होता, 'इल आव्हे व्हिदे ल फ्रिगो'. प्रत्येक वाक्यागणिक सोफ्यावरच्या त्या घोरणाऱ्या माणसाचा उलगडा होत जातो. वाचक शनिवारच्या सकाळीच उभा आहे, हललेला नाही, आणि रात्र त्याच्यापुढे तुकड्यातुकड्याने येते आहे.

मुलं हेच लिहायला घेतात तेव्हा बहुतेक जण रात्रीपासून सुरुवात करतात: चोर आला, खिडकी फोडली, फ्रिज उघडला, खाल्लं, झोपला. ओळीने पासे कोंपोझे. चूक एकही नाही. पण बातमीतली जी दाद द्यावी अशी गोष्ट, आधी घोरणं आणि मग कारण, ती गेली. मी त्यांना सांगते की सोफ्यापासून सुरू करा आणि जागेवरून हलू नका. मग आपोआप प्ल्यूस्कपार्फे येतो, काळ म्हणून आठवावा लागत नाही. त्याचबरोबर हेही सांगावं लागतं की सलग आठ वाक्यांत 'आव्हे-आव्हे-एते' झालं तर वाचणारा कंटाळतो. चांगले फ्रेंच लेखक लांबलचक मागे जायचं असेल तर पहिली एक-दोन वाक्यं प्ल्यूस्कपार्फेमध्ये ठेवून जागा पक्की करतात आणि मग बऱ्याचदा हलकेच साध्या भूतकाळात उतरतात.

कथा-कादंबऱ्यांमध्ये फ्रेंच लोक पासे सँप्ल नावाचा एक वेगळा भूतकाळ वापरतात, जो रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. एमील बाँव्हेनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने 1959 साली दाखवून दिलं की फ्रेंच क्रियापदांची दोन जगं आहेत, एक निवेदनाचं आणि एक संभाषणाचं, आणि पासे सँप्लला संभाषणाच्या जगात प्रवेश नाही. प्ल्यूस्कपार्फेला दोन्हीकडे आहे. कादंबरीत आणि भाजीवाल्याकडे तो त्याच रूपात भेटतो. याच जातीचा पासे आँतेरियर नावाचा एक पुस्तकी भाऊ आहे, तो वाचताना ओळखू आला की पुरे. लिहायला शिकण्यात वेळ घालवू नये असं माझं मत आहे.

मराठी माणसाला या काळात एक गोष्ट मात्र जन्मतःच येत असते, आणि फ्रेंच मुलांना ती वर्षानुवर्षं घोकावी लागते. धातुसाधिताची सुसंगती. आपण 'तो गेला होता, ती गेली होती' म्हणतो, क्रियापद कर्त्याप्रमाणे. पण 'मी चिठ्ठी लिहिली होती, मी पत्र लिहिलं होतं, मी लेख लिहिले होते' म्हणताना क्रियापद कर्माकडे बघतं. अकर्मकाला कर्तरी, सकर्मकाला कर्मणी. शाळेत नाव नंतर कळतं, तोंडात आधीपासून असतं. फ्रेंचमध्ये बघा. 'एत्र' घेणारी क्रियापदं म्हणजे जाणं, येणं, निघणं, पोचणं, जन्मणं, मरणं, पडणं, सगळी अकर्मक, आणि ती कर्त्याप्रमाणे बदलतात. 'आव्ह्वार' घेणाऱ्या क्रियापदाचं धातुसाधित कर्माप्रमाणे बदलतं, फक्त एका अटीवर: कर्म आधी आलेलं असलं पाहिजे. 'जाव्हे एक्री ला लेत्र', पत्र नंतर आलं, काही बदल नाही. 'ला लेत्र क जाव्हे एक्रीत', मी लिहिलेलं पत्र. फ्रेंचमध्ये पत्र स्त्रीलिंगी, ते आधी आलं, आणि शेवटी 'त' ऐकू आला. एरवी ही सुसंगती बहुतेक वेळा फक्त कागदावर दिसते, इथे ती कानाला लागते. आपण 'चिठ्ठी' म्हटल्याबरोबर 'लिहिली'वर पोचतो, तसंच.

याहून सुंदर जागा 'सॉर्तीर' या क्रियापदात आहे. 'एल एते सॉर्ती', ती बाहेर गेली होती. 'एल आव्हे सॉर्ती ला पुबेल', तिने कचऱ्याचा डबा बाहेर काढला होता. कर्म आलं की 'एत्र' जाऊन 'आव्ह्वार' येतं. आणि मराठीत? कर्म आलं की 'ती'ची 'तिने' होते. दोन भाषा, मध्ये हजारो मैल, आणि शिवण नेमकी त्याच जागी. अर्थात सगळीकडे असं जुळत नाही. झोपणं, चालणं अकर्मक असूनही 'आव्ह्वार'च घेतात, आणि आपल्याकडेही 'मी दूध प्यायले होते', 'मी धडा शिकले होते' अशी हट्टी क्रियापदं आहेत जी कर्म असूनही कर्त्याला सोडत नाहीत. पण पाया सारखा आहे आणि तो दाखवला की वर्गातल्या मुलांची भीती निम्मी होते.

कर्म आधी आलं तरच बदल, हा नियम 16व्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनच्या नमुन्यावरून मांडला. 2018 साली बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी तो काढून टाकावा, 'आव्ह्वार'सोबतचं धातुसाधित कायम एकाच रूपात ठेवावं, असं जाहीरपणे सुचवलं आणि फ्रेंच वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. त्यांचं म्हणणं समजतं. या एका नियमावर शाळेतले कितीतरी तास खर्च होतात. तरी मराठी बोलणारी बाई म्हणून माझं मत सुधारणेच्या विरुद्ध आहे. कर्माची दखल घेणारं क्रियापद मला भाषेतली एक सभ्यता वाटते.

लॅटिनमध्ये या काळासाठी दोन शब्दांची गरज नव्हती, एकाच शब्दात सगळं मावत असे. जुन्या फ्रेंचमध्ये त्या एकशब्दी रूपांचे थोडे अवशेष दिसतात. साधारण 880 साली लिहिलेल्या, सेंट युलालीवरच्या काव्यात 'ऑरेत' असं रूप येतं. ते हस्तलिखित फ्रान्सच्या उत्तरेला व्हालाँसिएन शहराच्या ग्रंथालयात आहे. तिथेही त्याचा अर्थ साध्या भूतकाळाचाच झाला होता, आणि पुढे ही रूपं गेली. पोर्तुगीजने मात्र ती लिखित भाषेत जपली आहेत. गोव्यात 1961 पूर्वी पोर्तुगीज शाळांमध्ये शिकलेल्या पिढीला 'फालारा', म्हणजे एका शब्दात 'बोललो होतो', हे व्याकरणाच्या तासाला भेटलेलं असणार.

आता ज्या लिखाणासाठी मला हा काळ खरोखर महत्त्वाचा वाटतो त्याबद्दल. फ्रेंच वर्तमानपत्रांतले मृत्युलेख. 9 फेब्रुवारी 2024 रोजी रोबेर बादँतेर वारले, वयाच्या 95व्या वर्षी. मृत्युदंडाची शिक्षा 1981 साली त्यांनी न्यायमंत्री म्हणून रद्द करून घेतली होती. कायद्यावरची तारीख 9 ऑक्टोबर 1981. त्यांच्या वडिलांना ल्यों शहरात, रू सँत-कातरीनवर टाकलेल्या छाप्यात, 9 फेब्रुवारी 1943 रोजी पकडलं होतं आणि पुढे सोबिबोरच्या मृत्युछावणीत पाठवलं होतं. ते परतले नाहीत. मुलगा आणि बाप यांच्या आयुष्यात 81 वर्षांच्या अंतराने तीच तारीख.

अशा मजकुरात 'इल ए मॉर', ते वारले, हे एकच वाक्य पासे कोंपोझेचं. वाचणारा 2024 च्या त्या दिवशी उभा. त्याच्या मागे 1981 आणि त्याच्याही मागे 1943, दोन्हीसाठी काळ मात्र तोच, प्ल्यूस्कपार्फे. फ्रेंचकडे त्याच्या पलीकडे जाणारा, 'मागच्याच्या मागचा' असा वेगळा काळ लिखित भाषेत नाही. एकदा मागे वळलं की सगळं मागचं एकाच पातळीवर येतं, क्रम तारखांनी लावायचा. व्याकरणाच्या नजरेने ही उणीव असेल. मला ती तशी वाटत नाही. मुलाने संसदेत उभं राहून मृत्युदंड रद्द करा म्हणणं आणि बापाला नाझींनी उचलून नेणं, या दोन गोष्टी त्या माणसाच्या आयुष्यात एकमेकींपासून 38 वर्षं दूर होत्या आणि तरी एकाच जागी होत्या. 9 ऑक्टोबर 2025 ला त्यांचं नाव पॅरिसच्या पाँतेओंमध्ये, म्हणजे देशातल्या थोर व्यक्तींच्या स्मारकात, विराजमान झालं. तो दिवसही कायद्याच्या तारखेवरूनच निवडला होता, 'आव्हे एते श्वाझी'.

आपले मृत्युलेखही असेच लिहिले जातात, 'त्यांनी अमुक चळवळीत भाग घेतला होता', 'तुरुंगवास भोगला होता'. तिथे मराठी आणि फ्रेंच वाक्य शब्दाला शब्द जुळतं, भाषांतर करताना हात थांबत नाही.

जिथे थांबतो ती जागा म्हणजे 'सी', म्हणजे 'जर'. 'आधी कळलं असतं तर मी आले नसते.' मराठीत दोन्ही बाजू सारख्या: 'असतं', 'नसते'. फ्रेंचमध्ये दोन बाजूंना दोन वेगळे काळ. 'सी जाव्हे स्यू', जरच्या बाजूला प्ल्यूस्कपार्फे, आणि 'ज न सरे पा व्हन्यू', तरच्या बाजूला कोंदिसिओनेल पासे, म्हणजे संकेतार्थाचं भूतकाळी रूप. मराठी कान समतोल मागतो, म्हणून आपली मुलं हमखास दोन्हीकडे कोंदिसिओनेल ठेवतात: 'सी जोरे स्यू'. फ्रेंच शाळांतली लहान मुलंही नेमकं हेच बोलतात आणि बाई त्यांना एक ओळ शिकवतात: 'ले सी नेम पा ले रे', 'सी'ला 'रे', म्हणजे कोंदिसिओनेलचे शेवट, आवडत नाहीत. मला हे फार आवडतं, की तर्काने जाणारं पॅरिसमधलं मूल आणि तर्काने जाणारा नाशिकचा इंजिनिअर एकाच ठिकाणी पोचतात.

फ्रेंचची ही असमान रचना नीट बघितली तर तिच्यात खोल अर्थ आहे. जे घडलंच नाही ते 'जर'च्या बाजूला घडून गेल्यासारखं मांडायचं, अगदी 'मी पोचले तेव्हा तो निघून गेला होता' यातल्याच रूपात. कळलेलं नव्हतं, पण वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात ते कळून चुकलंय. त्या मानलेल्या भूतकाळात पाय रोवले की मग दुसऱ्या अर्ध्यात परिणाम. जागा रोवणं हेच इथेही काम. परिणाम आजचा असेल तर दुसरा अर्धा कोंदिसिओनेलच्या वर्तमान रूपात येतो: वैद्यकी शिकले असते तर आज डॉक्टर असते. आणि दुसरा अर्धा पूर्ण गाळला की निव्वळ हळहळ उरते, 'आ, सी जाव्हे स्यू!' आपण म्हणतो तसंच, 'आधी कळलं असतं तर!' अशा जर-तरला फ्रेंच लोक म्हणतात की 'जर'च्या जोरावर अख्खं पॅरिस बाटलीत भरता येईल. आपल्याकडे आत्याबाईला मिशा फुटतात.

शेवटच्या तासासाठी मी जी वाक्यं राखून ठेवते त्यांत मराठी माणसाला काहीच शिकावं लागत नाही. 'ज त लाव्हे दी', मी तुला सांगितलं होतं. तोच सूर, तेच वर उचललेलं बोट. 'ज नाव्हे जामे व्ह्यू ला मेर', मी समुद्र कधी पाहिला नव्हता. हे वाक्य समुद्रासमोर उभं राहूनच म्हणतात, कारण न पाहिलेलं असणं या क्षणी संपलं आहे. आणि 'जेते व्हन्यू व्हू दमाँदे अँ सेर्व्हीस', तुमच्याकडे एक काम घेऊन आले होते. आत्ता समोर उभी आहे, काम आत्ताच आहे, तरी 'आले होते'. येणं मागे सरकवलं की समोरच्यावरचा भार कमी होतो. नाही म्हणायचं असेल तर त्याला सोपं जातं. कोल्हापुरात शेजारच्या काकूंकडे गेलेली मुलगी आणि ल्योंमध्ये विद्यापीठाच्या खिडकीशी उभी राहिलेली मुलगी यांना ही नम्रता सारखीच लागते. या वाक्यांचं मी भाषांतर करून घेत नाही. दोघादोघांच्या जोड्या लावते, एकाला खिडकीच्या आत बसवते, एकाला बाहेर उभं करते, आणि थेट फ्रेंचमध्ये काम सांगायला लावते. बाहेर उभी असलेली मुलगी तोंड उघडते आणि बहुतेक वेळा पहिलाच शब्द 'जेते' असतो.